शेजाऱ्यापुरती तुलना

तेल २०, पाणी ३०, मिठाचं पाणी ३५, लाव्हा ४५, वाळू ९०, पारा ९१.

ही वजनं आहेत 'द पावडर टॉय' नावाच्या गेममधली. गेम म्हणायचं म्हणून म्हणायचं, कारण त्यात ना गोष्ट आहे, ना लेव्हल, ना जिंकणं-हरणं. काळी स्क्रीन, खाली पदार्थांची यादी, माऊसने उचलायचं आणि ओतायचं, बास. फुकट मिळतो, कोड सगळ्यांना उघडा आहे, आणि भंगारात निघालेल्या कॉम्प्युटरवरसुद्धा मुकाट चालतो. भाच्याने जो लॅपटॉप आणलाय त्याची बॅटरी कधीच गेलीय, चार्जर काढला की जीव जातो त्याचा, तरी त्याच्यावर हे चालतं. आणि आमच्याकडे मे महिन्यात दुपारी बारा ते पाच माणसाने करायचं तरी काय, भुसावळ-जळगावचं ऊन ज्याने खाल्लंय त्याला सांगायला नको, पारा ४५ च्या आसपास घुटमळत असतो (हा पारा वेगळा), कूलरमध्ये पाणी टाकायचं, पडदे ओढायचे आणि अंधारात बसायचं. तसा मी भाच्याशेजारी बसलो आणि तो पाण्यात तेल ओतत होता ते बघत राहिलो.

तेल वर आलं. येणारच. शेवभाजीवरची तर्री ज्याने लहानपणापासून बघितलीय त्याला ह्यात नवल कसलं? पण मला खटकलं ते वेगळंच. गेमला हे कळलं कसं? म्हणजे तेलाने वर जायचं आणि पाण्याने खाली बसायचं हा आदेश कोणी दिला आणि कुठे बसून दिला?

भाचा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, त्याने कोड उघडून दाखवला. तो बघून मी अक्षरशः हसलो, इतकं ते साधं आहे.

स्क्रीन म्हणजे ६१२ बाय ३८४ ठिपक्यांची जाळी, एकूण २,३५,००८ जागा. एका जागेत एक कण. खेळातल्या एका क्षणात प्रत्येक कणाची पाळी येते, आणि पाळी आली की तो फक्त एवढंच विचारतो: मला जिकडे सरकायचंय तिथे कोण बसलंय? कोणी नसेल तर सरकतो. कोणी असेल आणि ते माझ्यापेक्षा हलकं असेल तर जागांची अदलाबदल. बरोबरीचं किंवा जड असेल तर थांब, नाहीतर बाजूला वाट शोध. वायू असले तर वजन बहुतेक १, भिंतीसारखे घट्ट पदार्थ १००, म्हणजे त्यांना कोणी हलवूच शकत नाही. झालं. ह्याच्यापलीकडे थरांबद्दल गेममध्ये काहीही लिहिलेलं नाही. 'तेलाचा थर' अशी गोष्टच त्याला माहीत नाही. पाण्याच्या कणाला आपल्याखाली तेल आहे एवढंच दिसतं, तो त्याची जागा घेतो, तेलाचा कण एक घर वर येतो, मग पुन्हा तेच, पुन्हा तेच, आणि आपण बाहेरून बघणारे म्हणतो, वा, काय सुंदर थर बसले.

आम्ही मग चारपाच पदार्थ एकत्र कालवले. लाव्हाला वगळलं, कारण तो आला की तेल पेटतं, पाण्याची वाफ होते आणि बघायला काही उरतच नाही. पारा, मिठाचं पाणी, साधं पाणी, तेल, आणि वरून मूठभर वाळू. सुरुवातीला नुसता गोंधळ, रंगपंचमीनंतरच्या गटारीसारखं चित्र. मग खाली पाऱ्याचा चकचकीत पट्टा दिसायला लागतो, त्यावर वाळू अडकते (९० आणि ९१, एका आकड्याने वाचली बिचारी), मग मिठाचं पाणी, मग गोडं पाणी, सगळ्यात वर तेल. शेवटीशेवटी एखादा तेलाचा कण चुकून खाली राहिलेला असतो तो वाट काढत काढत वर येतो तेव्हा त्याच्याकडे बघायला फार मजा येते, का ते सांगता येत नाही. वाळू पाऱ्यावर तरंगते हे खऱ्या जगातही बरोबर आहे बरं का, पारा पाण्याच्या १३.६ पट जड, वाळूचा दाणा साधारण अडीच-पावणेतीनपट. गिरणा नदीच्या वाळूचा विषय निघाला की आमच्याकडे लोक तरंगण्याबद्दल नाही, रात्री ट्रॅक्टरने गायब होण्याबद्दल बोलतात, पण तो विषय इथे नको.

आता बघा, गेममध्ये पारा पाण्याच्या जेमतेम तिप्पट आहे. ९१ भागिले ३०. खऱ्यात साडेतेरापट. मग हे चुकीचं नाही का? नाही, कारण ह्या नियमात किती जड हे कोणी विचारतच नाही, कोण कोणापेक्षा जड एवढंच विचारलं जातं. पाऱ्याला ३६ दिले असते तरी तो मिठाच्या पाण्याखाली तसाच बसला असता, फक्त वाळूचं काय करायचं हा प्रश्न आला असता. खऱ्या जगात तसं नाही. तिथे फरक किती ह्याला किंमत आहे, फरक मोठा तर वेग मोठा, फरक बारीक तर तासन्‌तास लागतात. गेमवाल्यांनी आकडा ठेवला आणि त्याच्यातलं प्रमाण काढून टाकलं, उरला नुसता क्रम. मला ही काटकसर आवडली.

ह्या कल्पनेचं खानदान जुनं आहे. जाळीतल्या प्रत्येक घराने फक्त शेजाऱ्यांकडे बघून ठरवायचं, ही गोष्ट १९४० च्या दशकात जॉन फॉन नॉयमन आणि स्टानिस्लाव उलाम ह्यांनी मांडली, १९७० मध्ये जॉन कॉनवेचा 'गेम ऑफ लाईफ' आला आणि ती जगभर पोचली. नंतर वाळू पाडायचे गेम इंटरनेटवर आले आणि त्यांची मोठी पिलावळ झाली. हल्लीचा 'नॉइटा', फिनलंडच्या नोला गेम्सचा, २०२० मध्ये पूर्ण बाहेर आला, त्यात तर गुहेतला जवळजवळ प्रत्येक ठिपका असा स्वतःच्या डोक्याने चालतो, पाण्यावर तेल तरंगतं आणि तेच तेल पेटून पाण्याच्या वर आग लागते आणि आपण मरतो. भाचा त्याच्यात फार मरतो.

दुसरा एक गेम आहे 'ऑक्सिजन नॉट इन्क्लुडेड', कॅनडातल्या क्लाय कंपनीचा, २०१९ चा. त्यात जमिनीच्या पोटात वसाहत करायची आणि माणसं जगवायची. तिथेही एका चौकटीत एकच पदार्थ मावतो, हवा तर हवा, पाणी तर पाणी. माणसं श्वास सोडतात तो कार्बन डायऑक्साइड हळूहळू खालच्या मजल्यावर साठत जातो आणि हायड्रोजन छताला जाऊन चिकटतो. नवीन खेळणाऱ्याची माणसं खालच्या खोलीत गुदमरायला लागतात तेव्हा त्याला पहिल्यांदा कळतं की वायूलाही थर असतात. मग लोक युक्ती करतात, वाटेत पाण्याचा एक छोटा अडसर ठेवतात, माणूस त्यातून भिजत जातो पण वायू पलीकडे जात नाही.

भाच्याने हे सांगितलं तेव्हा मला एकदम आमच्या मळ्यातली विहीर आठवली. गेमवाल्या पोरांना जे स्क्रीनवर शिकावं लागतं ते विहीर खोदणाऱ्यांना आधीपासून माहीत होतं. बंद पडलेल्या, झाकून ठेवलेल्या विहिरीत उतरायचं तर आधी दोरीला कंदील बांधून खाली सोडायचा. कंदील विझला तर माणसाने उतरायचं नाही. कार्बन डायऑक्साइड हवेच्या दीडपट जड, वाऱ्याची झुळूक तळापर्यंत पोचत नाही, तो खाली बसून राहतो आणि त्याला ना रंग ना वास. मोटर अडकली म्हणून एक उतरतो, तो पडला म्हणून दुसरा त्याला काढायला उतरतो, अशी बातमी उन्हाळ्यात कुठून ना कुठून येतेच, आणि बातमी वाचताना आपण म्हणतो अरे दुसरा तरी का उतरला, पण भाऊ तळाशी पडलेला दिसत असताना कंदील कोण शोधत बसतो?

कॅमेरूनमध्ये न्योस नावाचं तळं आहे. त्याच्या तळच्या पाण्यात हाच वायू वर्षानुवर्षं विरघळत होता, आणि तळचं पाणी जड म्हणून खालीच राहत होतं, वरचं वर. थर शाबूत होते तोवर सगळं ठीक होतं. २१ ऑगस्ट १९८६ च्या रात्री ते उलथलं, वायू बाहेर पडला आणि जमिनीला धरून खालच्या दऱ्यांमध्ये उतरला, १७०० च्या वर माणसं गेली. म्हणजे थर बसणं ही गोष्ट दरवेळी शांत आणि देखणी असते असं नाही.

असो. गेमकडे येतो, कारण खरी गंमत आबा खोलीत आले तेव्हा झाली.

आबा म्हणजे माझे वडील. गावच्या दूध सोसायटीत त्यांची हयात गेली, सचिव म्हणून कागदावर, प्रत्यक्षात सकाळ-संध्याकाळ दूध तपासणं, माप घेणं, आणि लोकांच्या शिव्या खाणं ही तीन कामं. भर दुपारी दोन माणसं एका स्क्रीनला डोळे लावून बसलीत हे बघून ते आले, उभ्याउभ्याच बघत राहिले. भाच्याने पाण्याच्या तळाशी तेल सोडलं, ते वर आलं. आबा म्हणाले, "तू ते खाले टाकं व्हतं ना रे, मंग वर कसं उनं?" भाच्याने त्यांना नियम सांगितला, शेजारी हलका असला की जागा बदलायची. आबांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, "इतलंच शे? मंग दूध काबर नही आसं करस?"

भाचा गप्प. मी पण गप्प, कारण प्रश्न बरोबर होता.

दुधात फॅट आहे, फॅटची घनता पाण्याच्या साधारण ०.९३ पट, अख्ख्या दुधाची १.०३ च्या आसपास. म्हणजे फॅटला वर यायला पूर्ण कारण आहे. शेजारी जड आहे, हा हलका आहे, गेमच्या नियमाने पाचदहा सेकंदात वर पांढरा थर आणि खाली निळसर पाणी दिसायला पाहिजे. पण किटलीतलं दूध सकाळी सहाला सोसायटीत येतं तेव्हा एकजीव असतं, रात्रभर ठेवलं तर वर साय-मलईचा थर येतो, आणि पिशवीतलं होमोजनाइज केलेलं दूध असेल तर तेवढाही येत नाही. कारण फॅट तिथे गोळ्यागोळ्यांनी असतं, काही मायक्रॉनचे गोळे, आणि एवढासा गोळा दाट द्रवातून वर चढायचा तर त्याचा वेग त्याच्या त्रिज्येच्या वर्गावर ठरतो. हा हिशोब जॉर्ज गॅब्रिएल स्टोक्सने १८५१ मध्ये मांडला. गोळा निम्मा केला की वेग चौथाई. होमोजनायझर नेमकं हेच करतो, जोर लावून गोळे इतके बारीक करतो की त्यांनी वर यायचं म्हटलं तरी दुधाची एक्स्पायरी आधी येते.

गेममध्ये हे शक्यच नाही, कारण तिथे प्रत्येक कण एकाच मापाचा आहे. एक ठिपका. ठिपक्याहून लहान काही नाही, म्हणून बारीक गोळा हा प्रकार नाही, म्हणून दूध नाही. पदार्थांच्या यादीत दूध खरंच नाहीये, आम्ही शोधलं.

आणि इथे आबांना चेव आला. त्यांनी आम्हाला फॅटची टेस्ट सांगायला घेतली. मी लहानपणी ती रोज बघायचो, पण हे सगळं थरांचं काम आहे हे मला ह्या गेमसमोर बसल्यावर दिसलं.

काचेची ती नळी, ब्युटायरोमीटर, एका बाजूला फुगीर आणि दुसऱ्या बाजूला बारीक मान, मानेवर खुणा. आधी १० मिली गंधकाचं आम्ल. ते पाण्याच्या पावणेदोनपटीहून जड. मग १०.७५ मिली दूध, पण धबकन ओतायचं नाही, नळी तिरकी धरून काचेच्या कडेकडेने सोडायचं, म्हणजे ते आम्लावर अलगद थर धरून बसतं. धबकन ओतलं तर तिथेच उकळी फुटते, दूध करपतं आणि टेस्ट वाया जाते, शिवाय अंगावर उडालं तर बघायलाच नको. आबांच्या जुन्या सगळ्या शर्टांना बाहीपाशी भोकं होती. मग १ मिली अमाईल अल्कोहोल, मग रबरी बूच, मग फडक्यात गुंडाळून हलवायचं, तेव्हा नळी हाताला चटका बसेल इतकी तापते आणि आतलं सगळं काळपट तपकिरी होतं. आम्ल दुधातलं प्रोटीन विरघळवतं, गोळ्यांभोवतीचं कवच जातं, फॅट मोकळं होतं. मग सेंट्रिफ्यूज (नळ्या गरगर फिरवणारं यंत्र), मिनिटाला अकराशे फेरे, म्हणजे साधारण गुरुत्वाकर्षणाच्या ३५० पट ओढ. मग ६५ अंशाच्या पाण्यात ठेवायचं आणि मानेतला पिवळसर पारदर्शक खांब मोजायचा. खाली काळं, वर सोनेरी, मध्ये रेघ इतकी स्वच्छ की बघत राहावं. स्विस माणूस निक्लाउस गेर्बर, त्याने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी ही पद्धत काढली, आणि ती आमच्या गावच्या पत्र्याच्या खोलीत कित्येक वर्षं रोज दोन वेळा चालली.

म्हणजे बघा, गेममध्ये जे दोन ओळींच्या नियमाने होतं ते दुधाकडून करून घ्यायचं तर गंधकाचं आम्ल लागतं, तीनशे पन्नासपट ओढ लागते आणि कढत पाणी लागतं. मला हे सुचलं तेव्हा मी भाच्याला म्हटलं, अरे तुझ्या गेममध्ये सगळी द्रव्यं जन्मतःच सेंट्रिफ्यूजमध्ये आहेत. तो म्हणाला मामा हे भारी आहे, पण मला वाटतं त्याला जेवायला जायचं होतं.

डिग्रीचा मामला आणखी मजेशीर. लॅक्टोमीटर दुधात सोडायचा, तो किती बुडतो त्यावरून आकडा वाचायचा. २८ आला म्हणजे दुधाची घनता १.०२८, ३२ आला म्हणजे १.०३२. दुधात पाणी घातलं की घनता उतरते, डिग्री कमी लागते, चोर सापडतो. इथवर सोपं. पण मलई काढून घेतली तर? हलका भाग गेला, उरलेलं दूध जड झालं, डिग्री वाढते! मग हुशार माणूस आधी मलई काढायचा आणि मग पाणी घालायचा, एकाने वर गेलेला काटा दुसऱ्याने खाली आणायचा, आणि लॅक्टोमीटर बिचारा जसाच्या तसा ३० दाखवायचा. म्हणून नुसत्या घनतेवर विश्वास ठेवून चालत नाही, फॅट वेगळी बघायची, डिग्रीला चारने भागून त्यात फॅटचा ठरलेला हिस्सा मिळवून एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून दुधातला बाकीचा घन भाग, काढायचं, मग भाव. हा हिशोब आबा तोंडी करायचे, रांगेतल्या माणसाने किटली टेकवायच्या आत. आता मशीन आहे, ध्वनिलहरी सोडते, चिठ्ठी छापते, भांडणं तरी तेवढीच होतात असं ऐकतो.

एकाच आकड्यावर सगळं ठरवलं की त्या आकड्याला कसं फसवायचं हे लोक शोधतातच. गेममध्ये कोणी कोणाला फसवत नाही, ३० म्हणजे ३०. मला ते जरा रटाळ वाटायला लागलं होतं खरं सांगायचं तर.

मग आम्ही दुसरा उद्योग केला. घराच्या मागे एक खोली काढायचं काम चालू होतं, गवंडी लेव्हल काढायला ती पारदर्शक नळी वापरतात ना, पाणी भरलेली, एक टोक ह्या कोपऱ्याला आणि दुसरं त्या कोपऱ्याला, दोन्हीकडे पाणी एकाच उंचीला येतं आणि भिंतीवर पेन्सिलची खूण पडते. मधे कितीही वेटोळी असू देत. मी भाच्याला म्हटलं हे कर गेममध्ये. त्याने भिंतींची एक यू आकाराची नळी काढली आणि एका बाजूने पाणी ओतलं. ती बाजू गळ्यापर्यंत भरली, दुसऱ्या बाजूला पाणी तळाच्या वळणापर्यंत आलं आणि तिथेच थांबलं. वर चढेचना.

का चढेल? प्रत्येक कण फक्त शेजारी बघतो. दुसऱ्या बाजूच्या तळातल्या कणाला पलीकडे किती उंच खांब उभा आहे हे कळायला मार्गच नाही, त्याच्या शेजारी पाणीच आहे, वजन बरोबरीचं, बरोबरीच्याला हलवायचं नाही असा नियम आहे, आणि वर जाण्याची इच्छा कोणत्याच कणात नाही. खऱ्या पाण्यात दाब असतो, दाब म्हणजे लांबची खबर, पलीकडच्या खांबाचं वजन कणाकणांतून ढकलत ढकलत इकडे पोचतं. ह्या खेळात थर बसवायला लांबची खबर लागत नाही, लेव्हल काढायला लागते. हा फरक मी भौतिकशास्त्र शिकूनही कधी असा वेगळा करून बघितला नव्हता. गेम बनवणाऱ्यांना हे माहीत आहे, त्यांनी पाणी समपातळीत आणायचा एक वेगळा पर्याय सेटिंगमध्ये ठेवलाय, तो चालू केला की लॅपटॉप धापा टाकायला लागतो. लांबची खबर महाग पडते.

अजून एक गोष्ट त्यांनी चतुराईने केलीय. मे महिन्यात विहिरीत पोहायला उडी मारली की वरचं पाणी कोमट आणि पाय खाली सोडले की एकदम गार, हे आमच्याकडच्या कोणत्याही पोराला विचारा. तापलेलं पाणी हलकं म्हणून वर, थंड जड म्हणून खाली. आता गेममध्ये पाण्याचं वजन ३०, गरम असो की गार, मग हा थर कसा बसणार? तर त्यांनी केलं असं की खालचा कण वरच्या त्याच जातीच्या कणापेक्षा गरम असेल तर दोघांच्या तापमानाची अदलाबदल करून टाकायची. कण जागचा हलत नाही, नुसतं तापमान वर सरकतं! शुद्ध चलाखी आहे, पण बाहेरून बघणाऱ्याला गरम पाणी वर आलेलं दिसतं. मला हे त्या सगळ्या कोडमध्ये सगळ्यात जास्त आवडलं.

गोडं पाणी ३०, मिठाचं ३५. गेममध्ये आम्ही हे दोन थर एकमेकांवर ठेवून जेवून आलो, परत आलो तरी तसेच. आपली तापी मुलताईहून निघते, चांगदेवला पूर्णा तिला मिळते, हतनूर, मग पुढे उकाई, आणि सुरतेपाशी समुद्र. नदीचं गोडं पाणी समुद्राच्या खाऱ्या पाण्यावर जायला पाहिजे, कारण समुद्राचं पाणी साधारण अडीच टक्के जड. शांत समुद्र असेल तिथे तसं होतंही, खारं पाणी पाचरीसारखं खालून नदीत घुसतं आणि गोडं वरून वाहतं. पण खंभातच्या आखातात भरती-ओहोटी देशातल्या सगळ्यात मोठ्यांपैकी, दिवसातून दोनदा ते सगळं घुसळून निघतं, तिथे थरांना बसायला उसंत कुठली? खानदेशातून गेलेलं पाणी शेवटी असं ढवळलं जातं.

ढवळणं. आबांचा मुद्दा शेवटी तिथेच येऊन थांबला. "ह्याले ढवळता येस का?" ते विचारत होते. येतं, माऊसने घुसळता येतं, पण हात काढला की क्षणात थर परत जागेवर. आबांना ते पटेना. ढवळलेलं काहीतरी ढवळलेलं राहिलंच पाहिजे असं त्यांचं म्हणणं, नाहीतर ताक कसं होईल, नाहीतर किटलीतलं दूध मापाआधी पळीने हलवायला आपण का सांगत होतो सगळ्यांना.

तर आता ह्या गेममध्ये स्वतःचा पदार्थ बनवता येतो, लुआ नावाच्या भाषेत थोडा कोड लिहायचा. भाच्याने दूध बनवायला घेतलंय. वजन पूर्णांकातच द्यावं लागतं म्हणून आबांच्या सांगण्यावरून दुधाच्या पाण्याला ३१ दिलंय, फॅटच्या कणाला २८. कण बारीक करता येत नाही, तेव्हा त्याने वेगळी वाट काढली, फॅटच्या कणाची पाळी आली की दरवेळी जागा बदलायची नाही, हजारात एखाद्या वेळीच बदलायची, म्हणजे तो हळू वर येईल आणि ढवळलेलं बराच वेळ ढवळलेलं दिसेल. होमोजनाइज केलेलं पाहिजे असेल तर हजाराचे लाख करायचे. मला ही तोड बरी वाटली. आबांनी चष्मा लावून सगळं ऐकलं, आणि भाच्याने विचारलं, आबा, शंभर कणांत फॅटचे किती टाकू?

आबा म्हणाले, "आधी हाई सांग, म्हैसनं का गायनं?"